फुलदाणी उलटी करून पाहताना

आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला आलेली मंडळी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी थबकतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "चायनीज का हो?" मी म्हणतो, "नाही, जपानी." लगेच दुसरा ठरलेला प्रश्न, "केवढ्याला पडली?" ह्याचे उत्तर माझी बायको स्वयंपाकघरातून परस्पर देते, आणि तिने सांगितलेला आकडा खऱ्या आकड्याहून नेहमी मोठाच असतो. तिसरा प्रश्न मात्र एकदाच आला. एका मित्राची आई भारतातून आली होती. त्यांनी कपाट नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "इतक्या फुलदाण्या, आणि फूल एकातही नाही?" त्याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

२०१० पासून मी जुन्या जपानी फुलदाण्या जमवतो आहे. जमवतो म्हणजे फार नाहीत. एकवीस आहेत, आणि त्यांतल्या सात चुकून घेतलेल्या. त्या सातांनी मला जेवढे शिकवले तेवढे बाकीच्या चौदांनी शिकवले नाही, म्हणून त्याही मी टाकलेल्या नाहीत.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. त्याआधी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली. विषय होता, तापलेली वस्तू थंड होताना तिच्या अंगात निर्माण होणारे ताण. ह्या विद्येचा नोकरीत काडीइतका उपयोग झाला नाही. झाला तो ह्या छंदात, आणि तोसुद्धा पहिली फसवणूक झाल्यानंतर.

ती फसवणूक अशी. सॅन होजेच्या बाजूला रविवारी भरणाऱ्या एका जुन्या बाजारात हातभर उंचीची, सोनेरी नक्षीची, जाळीदार चिरा पडलेली एक फुलदाणी दिसली. विक्रेता म्हणाला, दोनशे वर्षांपूर्वीची सात्सुमा. बुडाशी वर्तुळात फुलीचे चिन्ह होते, ते त्याने सरदार घराण्याचे म्हणून दाखवले. मी १८० डॉलर मोजले. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणली आणि पहिल्याच संध्याकाळी कळले, की चिन्हाच्या खाली इंग्रजी अक्षरांत जे 'रॉयल सात्सुमा' छापलेले होते तेच सगळे सांगत होते. दोनशे वर्षांपूर्वीचा जपानी कुंभार आपल्या भांड्यावर इंग्रजीत 'रॉयल' कशाला लिहील? ती वस्तू माझ्याहूनही वयाने लहान होती.

तेव्हापासून एक नियम केला: बुडावरची खूण शेवटी वाचायची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर खूण म्हणजे फाईलचे नाव. नाव कोणीही बदलू शकतो. आत काय आहे ते फाईल उघडल्याशिवाय कळत नाही.

आता आत काय असते ते पाहू. त्यासाठी थोडा इतिहास लागतो, पण थोडाच.

जपानमध्ये पोर्सेलिन, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीची, काचेसारखी घट्ट भाजलेली भांडी बनू लागली ती सतराव्या शतकाच्या आरंभी, क्यूशू बेटावरच्या आरिता गावी. हिदेयोशीने सोळाव्या शतकाच्या शेवटी कोरियावर स्वाऱ्या केल्या, त्या १५९८ साली थांबल्या, आणि परतताना जपानी सरदारांनी कोरियन कुंभार बरोबर आणले. त्यांतल्या यी साम-प्योंग ह्या कुंभाराला १६१६ च्या सुमारास आरिताजवळ पोर्सेलिनचा दगड सापडला, अशी परंपरा सांगते. पुढे १६४४ साली चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिकडची भांडी मिळेनाशी झाली आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने आपला मोर्चा आरिताकडे वळवला. माल जवळच्या इमारी बंदरातून निघे म्हणून युरोपात त्याचे नाव इमारी पडले. झिलईखाली गर्द निळा आणि झिलईवर विटकरी तांबडा व सोनेरी, असे ह्या भांड्यांचे तीन रंग.

इथेच नवशिक्याला पहिली ठेच लागते. इमारीच्या बुडावर पुष्कळदा चिनी सम्राटाची मुद्रा असते, 'महान मिंग, छंगहुआच्या कारकिर्दीत बनविले' अशी सहा अक्षरे. छंगहुआ राज्य करत होता १४६५ ते १४८७ ह्या काळात, आणि तेव्हा आरितात एकही पोर्सेलिनची भट्टी नव्हती! ह्यात फसवणुकीपेक्षा प्रतिष्ठेचा भाग अधिक. चिनी माल तो उत्तम माल, म्हणून त्याची मुद्रा घालायची. आपल्याकडे एखाद्या दुकानावर 'मूळ पुण्याचे' अशी पाटी असते, त्याच जातीचे हे.

दुसरे मोठे वळण १८६८ चे. शोगुनांची सत्ता गेली, मेइजी सम्राटाचा काळ सुरू झाला आणि सरदारांच्या आश्रयावर जगणारे कारागीर एका झटक्यात उघडे पडले. १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरण्याची बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या तलवारींच्या मुठी नि खोबण्या मढवणाऱ्या सोनार-तांबटांनी करायचे काय? नव्या सरकारलाही परकीय चलन हवे होते. तेव्हा १८७३ चे व्हिएन्ना, १८७६ चे फिलाडेल्फिया, १८७८ चे पॅरिस, १८९३ चे शिकागो अशा जागतिक प्रदर्शनांतून जपानने आपली कारागिरी मांडली, आणि युरोप-अमेरिका अक्षरशः वेडी झाली. आज बाजारात 'जुनी जपानी फुलदाणी' म्हणून जे दिसते, त्यातला बहुतेक माल ह्या काळातला किंवा त्यानंतरचा आहे.

आणि हा माल जपान्यांनी स्वतःसाठी बनवलेलाच नाही. जपानी घरात तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो. तिथे एक चित्र टांगतात आणि एका साध्याशा भांड्यात, कधी बांबूच्या नळकांड्यात, दोन-तीन फांद्या ठेवतात. एकच भांडे, तेही मधोमध नाही. उलट पाश्चात्त्य घरात शेकोटीच्या वरच्या फळीवर दोन बाजूंना दोन सारख्या फुलदाण्या लागतात. म्हणून जोडी दिसली, विशेषतः एकीवरचे चित्र दुसरीवर आरशातल्यासारखे उलटे असले, तर ती परदेशासाठी केलेली असे बिनधास्त समजावे. इथल्या भारतीय उपाहारगृहात मिळते ते जेवण आपण घरी कधी जेवत नाही, तरी ते भारतीय नाही असेही म्हणता येत नाही. तसेच हे.

ह्या मालात सर्वांत गाजलेली सात्सुमा. सात्सुमा म्हणजे क्यूशूच्या दक्षिण टोकाचा, आजच्या कागोशिमाचा प्रांत. तिथले सरदार शिमाझू, आणि वर्तुळातली फुली हे त्यांचे चिन्ह. तिथेही कोरियन कुंभारच होते. ह्या घराण्याने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानच्या मध्यवर्ती सत्तेपासून वेगळी आपली स्वतंत्र मांडणी केली होती, आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात चिन जुकान ह्या कोरियन वंशाच्या कुंभाराच्या भव्य फुलदाण्यांची वाहवा झाली. मग मागणी एवढी वाढली, की सात्सुमा हे गावाचे नाव न राहता मालाचे नाव झाले. कियोतोत किंकोझान, ओसाकात याबू मेइझान अशा कारखान्यांतून 'सात्सुमा' निघू लागली. तिचा सात्सुमा प्रांताशी संबंध नावापुरता, पण शिमाझूंचे चिन्ह सगळेच घालत. त्यामुळे चिन्ह आहे म्हणून सरदारी भट्टी, हा हिशेब चुकतो. मनुष्याकृतींनी गच्च भरलेली 'अठराव्या शतकातली सात्सुमा' कोणी विकू लागला तर नमस्कार करून पुढे जावे. तशी चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

सात्सुमा पोर्सेलिन नव्हे. तिची माती साईच्या रंगाची, पोर्सेलिनपेक्षा कमी भाजलेली, आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली तर पोर्सेलिनसारखी खणखणत नाही. झिलईवर बारीक चिरांचे जाळे असते, आणि इथे माझी डॉक्टरेट कामाला आली. भट्टीत माती आणि तिच्यावरची काचेसारखी झिलई दोन्ही एकत्र तापतात. थंड होताना झिलईला मातीपेक्षा जास्त आकसायचे असते, पण ती मातीला चिकटलेली. लहान मापाचा सदरा घालून जेवायला बसावे तशी तिची अवस्था होते, आणि शेवटी ती सूक्ष्म रेषांत फाटते. चांगल्या सात्सुमाचे जाळे इतके नाजूक असते, की हातभर अंतरावरून दिसतही नाही. माझ्या १८० डॉलरच्या फुलदाणीवर ते मगरीच्या पाठीसारखे दिसत होते. वर चिरांत तपकिरी रंग सगळीकडे सारखा भरलेला. खरा मळ सारखा बसत नाही. तो जिथे हात लागतो, पाणी साचते, धूळ राहते तिथे जास्त, बाकी ठिकाणी कमी. काळ एकसारखे काम करत नाही.

हाच कस बुडालाही लावावा. मी कुठलीही फुलदाणी घेतली की आधी उलटी करतो. (रिकामी आहे ना ते पाहून. एका यजमानांच्या गालिच्याची मी भरपाई केलेली आहे.) बुडाखालच्या कड्यावर झिलई नसते, तिथे मूळ माती उघडी दिसते. शंभर वर्षे टेबलावरून सरकवलेल्या वस्तूचे कडे घासून गुळगुळीत होते आणि नेमके टेकते तिथेच मळते. नवी वस्तू जुनी भासवणारा बहुधा सगळ्या बुडाला चहाचे पाणी फासतो, टेकत नाही त्या खोलगट भागालाही. तीच गोष्ट सोन्याची. खरे सोने हाताळणीने झिजते, आणि झिजते ते फुगीर भागावर, कानांवर, काठावर. खोलगट जागी झिजलेले आणि फुगवट्यावर झळाळते सोने दिसले तर कोणीतरी काचकागद वापरला आहे.

मग दहापट भिंग. हाताने ओढलेली रेषा जाड-बारीक होते, टोकाला निमुळती होते, तिच्यात श्वास असतो. छापाच्या चित्रात रेषेची जाडी कायम, आणि रंग कधीकधी रेषेबाहेर एकाच दिशेला सरकलेला. तरी छाप दिसला म्हणजे टाकाऊ असेही नाही. याबू मेइझानसारखा अव्वल कलावंत तांब्याच्या पत्र्यांवरून बाह्यरेषा छापून घेई आणि पुढचे रंगकाम हाताने करवून घेई. त्याच्या फुलदाणीवरची नखाएवढी माणसे भिंगाखाली पाहा, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळा भाव आहे. शेवटी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. तुटून चिकटवलेल्या जागी वापरलेले नवे रंग आणि गोंद त्या प्रकाशात बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वेगळे चमकतात. वीस डॉलरच्या ह्या टॉर्चने माझे वाचवलेले पैसे मी बायकोला नेहमी मोजून दाखवतो. ती गेलेले मोजते.

माझा स्वतःचा जीव मात्र जडला आहे तो शिप्पोवर. शिप्पो म्हणजे सात रत्ने, आणि वस्तू म्हणजे तांब्यावरचे मिनाकाम. तांब्याच्या घाटावर चांदीच्या किंवा पितळेच्या केसासारख्या पट्ट्या उभ्या चिकटवून नक्षीचे लहान लहान कप्पे करायचे, त्यांत रंगीत काचेची ओली पूड भरायची, भट्टीत वितळवायची, खाली बसली की पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची, आणि शेवटी दगडाने घासत घासत आरसा करायचा. १८३० च्या दशकात ओवारी प्रांतातल्या, म्हणजे आजच्या नागोयाकडच्या, काजी त्सुनेकिची ह्या सामुराई घराण्यातल्या माणसाने परदेशातून आलेली अशी एक वस्तू मिळवली, ती फोडून, उकलून तिचे तंत्र शोधून काढले आणि मग स्वतः बनवली. आम्ही आज ज्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो ते हेच. त्याच्या शिष्यांनी नागोयाजवळचे एक गावच्या गाव ह्या धंद्यात आणले.

पुढच्या पिढीत कियोतोचे नामिकावा यासुयुकी आणि तोक्योचे नामिकावा सोसुके असे दोन दिग्गज झाले. आडनाव उच्चारात एक, नाते काही नाही. १८९६ साली दोघेही सम्राटाच्या दरबारचे कलावंत नेमले गेले. यासुयुकीने तार इतकी नाजूक केली, की ती कुंचल्याची रेषा वाटावी. सोसुकेने शेवटच्या भाजणीआधी तार काढूनच टाकली, की चित्र शाईचे वाटावे. एकाच अडचणीची ही दोन टोकाची उत्तरे मला कुठल्याही कादंबरीपेक्षा रंजक वाटतात. यासुयुकीच्या त्या खोल, तळ्यासारख्या काळ्या रंगामागे गॉटफ्रीड वागेनर ह्या जर्मन रसायनतज्ज्ञाचे साहाय्य होते. यासुयुकीचे घर आणि कार्यशाळा आज कियोतोत संग्रहालय आहे. त्याच्या हातची वस्तू माझ्या ऐपतीबाहेरची. माझ्याकडे आहेत त्या नागोयाच्या, बिननावाच्या.

चिनी आणि जपानी मिनाकाम ओळखायला एक सोपी युक्ती आहे, पूर्ण खात्रीची नसली तरी. चिनी कामात मोकळ्या जागेतही ढग, वेटोळी अशा तारांची जाळी असते, कारण काच धरून ठेवायला आधार लागतो. मेइजी काळातल्या चांगल्या जपानी कामात मोठमोठे पट्टे तारेशिवाय सोडलेले असतात. तेवढी काच न तडकता तांब्यावर राहते, ह्यातच त्यांची करामत. काच आणि तांबे थंड होताना वेगवेगळे आकसतात, म्हणून आतल्या बाजूलाही मिना चढवतात, की दोन्हीकडचा ताण तोलला जावा. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी माझा प्रबंध फळीवरून काढून त्यावरची धूळ झटकली होती.

ही सगळी परीक्षा झाल्यावर मग खूण वाचायची. अक्षरे वरून खाली, उजवीकडून डावीकडे. सुरुवातीला 'दाई निप्पोन', म्हणजे महान जपान, असेल तर बहुधा मेइजी काळातला अभिमान. शेवटी 'सेई' किंवा 'झो', म्हणजे बनविले. आणि इंग्रजी अक्षरे असली तर अमेरिकेचा जकात कायदा आठवायचा. १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले. जपानी माल 'निप्पोन' असा शिक्का घेऊन येऊ लागला. १९२१ साली जकातवाल्यांनी ठरवले, की निप्पोन हा जपानी शब्द आहे, इंग्रजी नव्हे, तेव्हा 'जपान' लिहा. १९४५ ते १९५२ ह्या काळातल्या काही मालावर 'ऑक्युपाइड जपान' असते. शिक्का नसला म्हणून वस्तू १८९१ पूर्वीची ठरत नाही, कारण पुष्कळदा कागदी चिठ्ठी लावत आणि ती निघून जाई. प्रवाशाच्या घरगुती सामानावर तर व्यापारी शिक्का असण्याचे कारणच नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

अमेरिकेतल्या जुन्या जपानी फुलदाण्यांच्या नशिबी आणखी एक गोष्ट येते. इथे बुडाला भोक पाडून त्यातून वायर ओवतात आणि फुलदाणीचा टेबललॅम्प करतात. संग्राहकाच्या दृष्टीने ती वस्तू तिथेच संपली. आमच्या शेजारी एक जपानी आजी राहत असत. त्यांच्याकडे असाच एक लॅम्प होता. २०१७ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्या आपले सामान कोणाला काय जायचे ते लिहून ठेवत होत्या. मला म्हणाल्या, "तुला ह्यातलं कळतं. नातवाला विम्यासाठी ह्याचा कागद हवाय. माझ्या आईने १९१८ साली लग्न होऊन येताना आणलेली सात्सुमा आहे. घरात सगळे दोनशे वर्षांची म्हणतात."

लॅम्पचा इतिहास मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी माहीत होता. ह्याच सांता क्लारा खोऱ्यात त्यांच्या वडिलांची फळबाग होती. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झाले आणि १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी हुकूम काढला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक, घरे सोडावी लागली. हाताने उचलेल तेवढेच सामान. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आधी सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात, तबेल्यात, आणि मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत. फुलदाणी पलीकडच्या शेतावरच्या बाईंकडे ठेवली होती. १९४५ मध्ये परत आले तेव्हा त्यांनी ती दिली, लॅम्प करून.

मी तो घरी आणला. घाट, जाळे, सोने सगळे पाहिले. मध्यम प्रतीचा, विसाव्या शतकातला निर्यातीचा माल. हे अपेक्षितच होते. मग बुडाचे हिरवे फेल्ट हलकेच सोलले. भोकाच्या बाजूला तांबड्या शाईत शिक्का होता: 'मेड इन जपान'.

म्हणजे १९२१ च्या आसपासचा किंवा नंतरचा व्यापारी माल. १९१८ साली नववधूच्या पेटीतून आलेली वस्तू ही असूच शकत नाही. ज्या बाईंकडे ठेव ठेवली होती त्यांनी दुसरीच परत केली होती.

तीन दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो. शेवटी बायको म्हणाली, "त्यांनी विचारलंय ना? मग सांग. तुला खोटी वस्तू चालत नाही, खोटा कागद चालेल का?"

मी सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आईच्या फुलदाणीच्या काठाला टवका होता. मीच चेंडू मारून पाडला होता, सहा वर्षांची असताना. ह्याला तो नव्हताच. आईने दारातच ओळखलं, मीही ओळखलं. त्या बाईंच्या हातून फुटली असणार. त्यांनी दुसरी शोधली, वर दिवा बसवून घेतला. आमच्या ओळखीच्या किती लोकांना परत काहीच मिळालं नाही, माहीत आहे? आईने वाकून आभार मानले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, ह्याबद्दल बोलायचं नाही."

१९४२ च्या त्या वसंतात खोऱ्यातली जपानी घरे पडेल किमतीला सामान विकत होती. ह्या फुलदाणीचे मूळ घर कोणते असेल, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही.

"मग नातवाच्या कागदावर काय लिहू?" मी विचारले.

"लिही, एक टेबललॅम्प. चालू स्थितीत." मग जरा थांबून, "पण वायर फार जुनी झाली आहे रे. तेवढी बदलून देशील?"

त्या शनिवारी मी नवीन वायर ओवली, प्लग बसवला, आणि फेल्ट होते तसे परत चिकटवून दिले.